ठरावाला अनुमोदक मोंबासाचा

जगातले सगळे तंटे सर्वसाधारण सभा नीट न घेतल्यामुळे होतात, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं, आणि ते मत बाळगण्याचा त्यांच्याइतका अधिकार उभ्या नाशिक जिल्ह्यात कुणाला नव्हता. इंदिरानगरच्या त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचे ते कायमचे सचिव. घरातही सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय काही होत नसे. "आज पिठलं. सूचक मी. अनुमोदक कोण?" असं ते विचारत आणि स्वयंपाकघरातून मेहुणीबाईंचं उत्तर येई, "अनुमोदक कांदा चिरतेय. सूचकानं कोथिंबीर निवडावी!" एका पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपता संपता हे सवयीनं "मंजूर!" म्हणून ओरडले. वरपक्षातही सोसायट्यांचे सभासद होतेच. तिकडूनही "मंजूर, मंजूर" झालं.

अंबडला त्यांचा द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी कॉम्प्युटर घेतला. मोडेम किंचाळू लागला की ते त्याला "सभासदांनी शांतता राखावी" असं बजावत. त्या यंत्रातून त्यांना आफ्रिकेतल्या मोंबासाचे एक पंपविक्रेते भेटले, जुमा. साडूंनी त्यांचे लगेच जुमाशेठ केले. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी जुमाशेठ झकास बोलत. त्यांची एक तक्रार होती. इंटरनेटवर वेबसाइटची नावं कुणाला द्यायची, नियम कोणते करायचे, हे ठरवणाऱ्या सभा दूरदूरच्या शहरांत होत. आफ्रिकेतल्या दुकानदारानं तिथं जायचं तर दुकान बंद ठेवायचं, व्हिसासाठी खेटे घालायचे. आणि न जावं तर त्याच्या वतीनं बोलणारं कुणी नाही. जुमाशेठच्या दुकानाचं नाव तर तिसऱ्याच खंडातल्या कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलं होतं, आणि हे गाऱ्हाणं मांडायला त्यांना जागा मिळत नव्हती.

"गैरहजर सभासदाला बोलूच देत नाहीत? ही कसली सोसायटी!" साडू पेटले. त्या सभांच्या ईमेल गटात कुणालाही शिरता येई. साडू शिरले आणि ठराव टाकला: ज्यांना येता येत नाही त्यांना फोनवरून बोलू द्यावे. सूचक मी, नाशिक. अनुमोदक जुमाशेठ, मोंबासा. आठवडाभर कुणी ब्र काढला नाही. आमच्याकडे सभासद गप्प म्हणजे राजी, हा शिरस्ता. तेव्हा साडूंनी कळवून टाकलं, "हरकत न आल्याने ठराव सर्वानुमते मंजूर. चहापानानंतर सभा संपली."

झालं! जगभरातून हरकतींची झुंबड उडाली. हे सचिव कोण, यांना निवडलं कुणी? एका गृहस्थानं तर चहापान कोणत्या शहरात झालं याची चौकशी केली. जुमाशेठ पुरते हादरले. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो.

"भाई, ये लोग मुझे ग्रुप से निकाल देंगे! फिर मेरी बात कौन सुनेगा?"

"अरे शेठ, घबराना नहीं! हरकत आया मतलब कोरम हुआ!"

"साडूभाऊ, मंजुरी मागे घ्या," मी म्हणालो. "नियमात बसत नाही ते."

नियमाचं नाव काढल्यावर ते वरमले आणि विषय पुन्हा चर्चेला ठेवला. मग काय सांगावं! इतके दिवस त्या गटात मुकाट बसलेले आफ्रिकेतले दुकानदार, सायबर कॅफेवाले, मास्तर एकेक करून लिहू लागले, "माझं अनुमोदन." इंग्रजीत, पण शब्द साडूंचाच. शेवटी पुढच्या सभेत एक फोन जोडायचं ठरलं. पहिले बोलणार जुमाशेठ.

त्या दुपारी सभा कॉम्प्युटरवर ऐकायला साडू इस्त्रीचा शर्ट घालून बसले, आणि नेमकं भारनियमन सुरू झालं. काळ्या पडद्यापुढे ते तसेच बसून राहिले. पुढ्यातला चहा निवला. संध्याकाळी फोन वाजला.

"भाई, बोल दिया! नाम की बात, दुकान की बात, सब! फिर बोला, मेरा अनुमोदक नासिक में बैठा है. तो चेअरमन ने शुक्रिया कहा, आफ्रिका के नासिक शहर को भी!"

आम्ही पोट धरधरून हसलो. खरं सांगायचं तर दुकानाचं नाव जुमाशेठना परत मिळालं नाही, पण पुढच्या सभांना फोन राहिला. हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "उद्याच कळवा त्यांना, नाशिक भारतात आहे म्हणून. इतिवृत्तात चूक राहील."

एका स्वल्पविरामासाठी सभा थांबवणाऱ्या साडूंनी निवलेला चहा उचलला.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "तिथं जुमाशेठच्या शेजारी कुणीतरी बसल्यासारखं झालं."

दोघांची भेट पुढे कधीच झाली नाही. साडूही आता नाहीत. त्या इतिवृत्तात मात्र नाशिक अजून मोंबासाच्या शेजारीच असेल.