सभेतले अर्धे वाक्य

ते प्रकरण मला आजही डोक्यातून काढता आलेले नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नाशिकरोड भागात फौजदार होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला एक कामगार तक्रार घेऊन आला. पत्नी वेगळी राहत होती. कोर्टाने सात वर्षांच्या मुलीचा ताबा त्याला दिला होता. पण मुलगी सोपवायच्या दिवशीच पत्नी तिला घेऊन निघून गेली. बाई प्राथमिक शिक्षिका, बायकांच्या सभांत भाषणे करणाऱ्या.

मी नेहमीप्रमाणे यादी केली : माहेर, बहीण, शाळेतल्या मैत्रिणी, एस.टी. स्टँड. तिसऱ्या दिवशी सिन्नरच्या स्टँडवरच्या पेरूवाल्याने खबर दिली.

"बाई हाय ना साहेब, बहिणीकडं ऱ्हाती. पर वरडू नका तिच्यावर, लेकरू लय भ्यायलंय."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाई मुलीची वेणी घालत होत्या. मी विचारले, "कोर्टाचा हुकूम ठाऊक आहे ना?"

"पाठ आहे. तुम्ही वाचलात का, साहेब?"

नव्हता वाचला. नाव, पत्ता, तारीख एवढेच पाहिले होते.

त्यांनी हुकुमाची नक्कल पुढे केली. 'मुलांनी बापाचे ऐकू नये' असे जाहीर सभेत सांगणाऱ्या आईकडे मुलीवर योग्य संस्कार होणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. आधार होता त्या सभेवरच्या आमच्याच ठाण्याच्या अहवालाचा. कोर्टाने मागवला, आम्ही पाठवला. खाली सही माझी.

"मी पूर्ण काय बोलले, ते तुमच्या माणसाला विचारा," बाई म्हणाल्या.

त्या सभेला साध्या वेशात गेलेल्या हवालदाराला मी समोर बसवले. तासभर 'आठवत नाही' चालले. मग म्हणाला, "बाप आईला मारत असेल तर मुलांनी बापाचं ऐकू नये, असं बोलल्या त्या. पण आपण आक्षेपार्ह तेवढंच लिहितो ना साहेब? तुम्हीच म्हणता, कागद वाढवू नका."

म्हणत होतो. सगळी ठाणी तसेच करत.

मी दुरुस्तीचा अहवाल लिहून वरिष्ठांकडे नेला. ते म्हणाले, "मुलगी सापडली ना? मग आपणच आपला कागद खोटा ठरवायचा? व्हा मोकळे." कोर्टात उभे राहून सांगणे मला शक्य होते. बढतीच्या यादीत नाव होते. मी गेलो नाही. मुलगी बापाच्या हवाली केली. पंचनाम्यात लिहिले, 'शांततेत'. ती आईचा पदर सोडत नव्हती, हे लिहिले नाही.

पुढे कोर्टाने आईला दर रविवारी मुलीला भेटायची परवानगी दिली; अट एकच, जाहीर भाषण करायचे नाही.

माणसाचे तोंड बंद करायला कोठडी लागत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्याच्या पोटच्या पोराचा ताबा हातात असला की पुरते.

वर्षभराने एका सभेच्या बंदोबस्तावर होतो. बाई मागच्या रांगेत होत्या. कार्यकर्त्या त्यांना हाताला धरून उठवत होत्या, "ताई, दोनच शब्द!"

बाईंनी हात सोडवून घेतला. "नको गं. परवा रविवार आहे."