रोवणीतून काढलेली बाई

"पदर काढ. पाहू दे."

मालकीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. खाली अंगणात आम्ही धानाच्या रोवणीला आलेल्या बाया. आणीबाणी उठली त्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दिघोरी गावात कामाला बायांची टंचाई होती, तरी मला एकटीला बाजूला काढलं.

हिवाळ्यात नागपूरच्या दवाखान्यात माझी डावी छाती कापली होती. कॅन्सर. मग बिजलीचा शेक दिला, किरणांचा. कातडी काळी पडली, हात खांद्याच्या वर जाईना. पण डॉक्टर म्हणाले होते, कामाला जा, हा रोग कोणाला लागत नाही. मी तेच सांगितलं.

"डाक्टरले काय जाते सांगाले? माह्या बांधीच्या पाण्यात साऱ्या बाया उतरतेत. दाखव पयले."

मी चोळीची गाठ सोडली. हातावर पोट. अंगणात गडी होते, त्यांनी मान फिरवली नाही. मालकीणबाईंनी पाहिलं. नाकाला पदर लावला.

"झाक वं माय, झाक! जा घरी."

म्हणजे दाखवूनही काम नाहीच.

बायांत कौसाबाई होती. ती माझी शेजारीण. लग्न होऊन आले तेव्हापासून एका बांधीत, धानाच्या एकाच वाफ्यात, खांद्याला खांदा लावून रोवलं होतं आम्ही. ती खाली पाहत राहिली. मालकिणीपेक्षा ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी 'कापलेली'. सासूने माझं ताट वेगळं केलं. लग्नात हळदीला बोलावणं बंद. मी विहिरीवर गेले की बाया घागरी उचलून मागे सरायच्या. नवरा भला, पण भित्रा. म्हणायचा, "घरात बसून राय. लोकं विसरतीन." दवाखान्याने जीव वाचवला. तो घेऊन गावात जगायचं कसं, ते कोणी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्यावर मी एकटी धुणं धूत होते. कौसाबाई आली. इकडेतिकडे पाहून तिने माझा हात धरला, आपल्या काखेजवळ लावला. गाठ. लिंबाएवढी.

"कवापासून वं?"

"तुले अंगनात उघडं केलं ना, त्याच्या आंधीपासून."

"मंग बोलली काहून नाई?"

"कशी बोलू? मलेबी तसंच उभं केलं असतं."

माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी समजत होते, बेइज्जती माझी एकटीची झाली. नाही. त्या सकाळी अंगणातल्या प्रत्येक बाईला सांगितलं गेलं होतं, गाठ असली तर लपव.

मी तिला नागपूरला नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "इतका उशीर?" कापून उपयोग नव्हता. पाऊस लागायच्या आत ती गेली. रोग लागेल म्हणून तिला आंघोळ घालायलाही बाया येईनात. मी एकटीने घातली.

रोवणी सुरू झाली तसा मालकीणबाईंचा निरोप आला. बाया कमी पडून राहिल्या, ये, पण कोपऱ्यातल्या बांधीत एकटी रोव.

मी गेले. सगळ्या अंगणात होत्या.

"मी रोवाले नाई आली," मी म्हणाले. "तुमच्या भेवानं कौसाबाईनं गाठ लपवली. थे मेली. हेच सांगाले आली."

"तोंड सांभाळून बोल!"

"लय सांभाळलं."

मग बायांकडे वळले. "कोनाले गाठ असन, अंगावरून रक्त जात असन, तर माह्या घरी या. मी संगं येईन नागपुरले."

मी निघून आले. त्या अंगणात पुन्हा पाय ठेवला नाही.

नंतर दोघी आल्या. मागच्या दाराने, चोरून. एक वाचली. दुसरीला नवऱ्याने दवाखान्यातून उठवून परत आणलं, ती नाही वाचली. बाया अजून येतात. आजही मागच्याच दाराने. त्याचा मला संताप येतो.

आता शेजारच्या आसगावची एक सून आहे. गाठ लहान आहे, वेळ गेलेली नाही. सासरा तिला सोडत नाही. आमच्या गावात आलीस तर तंगडी तोडीन, असा त्याने मला निरोप धाडला आहे.

उद्या सकाळी मी आसगावला जाणार. त्याच्या पुढच्या दारात, साऱ्या गावासमोर उभी राहणार. ती पोरगी बाहेर आल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.