हळदीच्या डागाची साक्ष

अर्जदार: मी, क्रांती चौकातील अर्जलेखक. घटना: कमलताईची हळद. साक्षीदार: आमच्या आत्याबाई, हयात, आणि उष्टी हळद घेऊन आलेल्या ताईच्या होणाऱ्या सासूबाई.

आज सदऱ्यावर वरण सांडले. साबण चोळताच पिवळा डाग लाल झाला आणि मी थेट गारखेड्यातील त्या मांडवात जाऊन पोहोचलो!

तेव्हा ताईच्या पांढऱ्या पदरावरचा हळदीचा डाग धुण्यास आत्याबाईंनी साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला.

"लई वाईट अपशकून! लगीन थांबवा," सासूबाई कडाडल्या. सनई थांबली. दहावी शिकलेली ताई मात्र सासूबाईंकडे बघून हसली.

"मामी, साबणानं हळद लालच होती. बघा आता." तिने डागावर लिंबू पिळले. डोळ्यांदेखत लाल डाग पुन्हा पिवळा!

"अगं बया! अजून पीळ की!" सासूबाईंनी स्वतःच दुसरी फोड पुढे केली. सनई सुरू झाली.

साबण अल्कधर्मी, लिंबू आम्लधर्मी. या गुणाच्या मापास शास्त्रात सामू म्हणतात, हे मी पुढे वाचले. आत्याबाई मात्र आजही त्यास देवीचा चमत्कार म्हणतात.

सबब विनंती की, ती ताईची विद्या होती, अशी लेखी कबुली आत्याबाईंनी द्यावी. अंगठाही चालेल, फक्त हळदीचा असावा.