गुरुवारी पायी, सोमवारी गाडीनं

संध्याकाळची पॅसेंजर थांबली आणि तिच्यातून निम्मं गाव खाली उतरलं. मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून हे स्टेशन बंद करायची शिफारस लिहीत होतो. पेन हातात तसंच राहिलं.

मी रेल्वेत कमर्शियल इन्स्पेक्टर होतो. कुठे तिकिटं खपतात, कुठे का खपत नाहीत, हे हिंडून बघायचं आणि साहेबांना कळवायचं, हे माझं काम. शेगावच्या अलीकडचं हे स्टेशन म्हणजे खरं तर हॉल्ट. हॉल्टला स्टेशन मास्तर नसतो, सिग्नल नसतो. गावातलाच एक माणूस कमिशनवर तिकिटं विकतो, त्याला हॉल्ट एजंट म्हणतात. इथला एजंट प्रल्हाद. सकाळची शेगावकडे जाणारी गाडी आली तेव्हा जेमतेम दोघं-तिघं चढले होते. त्यानंतर तो खिडकीत माश्या मारत बसला होता.

"हे एवढे लोक सकाळी गेले कसे? विनातिकीट?" मी आवाज चढवला.

"नाही हो सायेब," प्रल्हाद म्हणाला. "पायी गेले. आज गुरुवार हाय ना. महाराजाच्या दर्शनाले गाव पायीच जाते. येतानी गाडीनं येते."

मी उतरलेल्यांची तिकिटं तपासली. एकूण एक बरोबर, पण सगळी शेगावला काढलेली. गोची तिथेच होती. तिकीट जिथे विकलं, उत्पन्न त्या स्टेशनच्या नावावर लागतं. उतरणारा माणूस हॉल्टच्या हिशेबात येतच नाही.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

"उतरणारे आपण धरत नाही," साहेब म्हणाले. "तिकीटविक्री दाखवा. नाहीतर पुढच्या टाइमटेबलात गाडी तिथे थांबणार नाही."

गाडी थांबली नाही, तर चालून थकलेल्या म्हाताऱ्या माणसांनी घरी यायचं कसं? ऑटो हायवेच्या फाट्यावर सोडतो. तिथून गाव चांगलंच आत आहे. मला उपाय सोपा वाटला. लोकांना प्लॅटफॉर्मवरच बसवून घेतलं आणि म्हणालो, "निघायच्या आधी इथूनच रिटर्न तिकीट काढत जा. जाताना खुशाल चाला. येताना त्याच तिकिटावर या."

माना डोलल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात कौसाबाई नावाची एक म्हातारी उठली. हॉल्ट मंजूर झालं तेव्हा गावानं बैलगाड्यांनी मुरूम आणून हा प्लॅटफॉर्म भरला होता. कौसाबाई तेव्हा घरात नुकतीच आलेली सून होती. तिनंही टोपल्या वाहिल्या होत्या.

"भाऊ, पदराले गाडीचं तिकीट बांधून चालाचं, अन् महाराजाले सांगाचं पायी आली म्हणून?"

"माय, चालणार तर तुम्ही पायानंच ना?"

"पाय माहेच हायेत. पण थकली तं गाडीत बसाची सोय ठेवली ना म्या. ते काई पायी जाणं नाही."

मघाशी माझ्यासाठी डोललेल्या माना आता तिच्यासाठी डोलायला लागल्या. मला रागच आला. ज्यांच्यासाठी मी घसा कोरडा करत होतो, तेच आडवे येत होते.

"मग हॉल्ट बंद होईल," मी सांगून टाकलं.

कौसाबाईनं पायाखालच्या प्लॅटफॉर्मकडे बोट दाखवलं. "या टेसनाचा मुरूम म्या डोक्यावर वायला, भाऊ. बंद झालं तं मले लय वाईट वाटन. पण महाराजासंग लबाडी नाही होत."

मी शिफारस पुरी केली नाही. साहेबांकडून टाइमटेबल बदलेपर्यंत मुदत मागून घेतली. आशा मात्र मला अजिबात नव्हती.

काही महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. हॉल्टची विक्री एकदम वाढली होती, आणि तीही फक्त सोमवारी. "एजंट काहीतरी गडबड करतोय. जाऊन बघा."

सोमवारी सकाळी गेलो. प्रल्हादच्या खिडकीपुढे ही रांग! सगळे रिटर्न तिकीट काढत होते. गाडी आली, सगळे चढले. मीही चढलो. शेगावला ज्यांना काम होतं ते बाजारात गेले. बाकीचे स्टेशनाबाहेर झाडाखाली बसले. कौसाबाईनं तिथे भाकरीचं फडकं सोडलं.

"काय काम काढलं माय शेगावात?"

"काम कायचं? गुरुवार महाराजाचा, त्या दिवशी पायीच. सोमवार टेसनाचा ठरवला गावानं. घरटी एक माणूस गाडीत बसते."

"मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथे नुसतं बसून राहणार? तिकीट काढलं की काम झालं. घरीच थांबायचं होतं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

"तिकीट काढलं तं गाडीत बसाच लागते, भाऊ. नाही तं ते बी लबाडीच." आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली.

रिपोर्टात मी 'प्रवासी वाढले आहेत, गडबड आढळली नाही' एवढंच लिहिलं. साहेबांनी सही केली. गाडी अजून तिथे थांबते. त्यानंतर मात्र कुठल्याही गावाला सोपा उपाय सांगण्याआधी मी तिथे आठवड्यातल्या दोन वेगवेगळ्या वारांना जाऊन यायला लागलो.