रेंज गेल्यावर दुधाचं काय

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं की आत्या नक्की काय विकते. तुमच्या बाबाने "सॉफ्टवेअर" असं एका शब्दात सांगून विषय बदलला. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. आयुष्यभर बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे अपुरं उत्तर तसंच सोडून देणं तुमच्या या आजीला जमत नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण यातली सगळी माणसं मराठीतच बोलली. अडलं तर बाबाला विचारा, त्यालाही सराव होईल.

तुमचे आतोबा गेल्यावर आत्या माझ्याकडे बारामतीला राहायला आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचं सासर अंथुर्ण्याचं, इंदापूरच्या रस्त्यावर. ते नातं तिने तोडलं नाही आणि त्यांनीही तोडलं नाही. सणावाराला ती जाते, जाऊबाईंच्या हाताखाली स्वयंपाक करते, संध्याकाळच्या एसटीने परत येते. पण दिवस नुसते घरात काढणं तिला शक्य नव्हतं. बारामतीतल्या एका लहान कंपनीत तिने विक्रीची नोकरी धरली. ही कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते.

दूध केंद्र तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते. गावातली एक खोली. सकाळ-संध्याकाळ बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. प्रत्येकाचं दूध मापायचं, मशीनवर त्याचं फॅट तपासायचं, मग त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि त्यानंतरच ते दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतायचं. ओतल्यावर कोणाचं कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. भरलेले कॅन पिकअप गाडीतून कळंबच्या शीतकरण केंद्रावर जातात. आत्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर काटा आणि मशीन कॉम्प्युटरला जोडतं, त्यामुळे चिठ्ठी आपोआप छापून निघते.

नोकरीवर घेताना तिला एक गुळगुळीत रंगीत पत्रक दिलं आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवलं. मालकांचं म्हणणं असं, की विकणाऱ्याने विकावं, आतलं काय ते बनवणारे बघतील. कोणी काही विचारलं तर 'होईल' म्हणायचं.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिचं सासरच. तिथल्या केंद्राचे चेअरमन आबा, आतोबांचे थोरले चुलते. घरातले वडीलधारे तेच. त्यांच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये कमिटी बसली, चहा झाला. आबांनी पत्रक उलटंसुलटं करून बाजूला ठेवलं आणि एकच गोष्ट विचारली. गावात इंटरनेटची रेंज कधी असते, कधी नसते. ती गेली तर दूध घ्यायचं थांबेल का?

आत्याला ते माहीत नव्हतं. पत्रकात त्याबद्दल अक्षरही नव्हतं. बारामतीच्या कुठल्याही दुकानात तिने 'विचारून सांगते' म्हटलं असतं. पण त्या शेडमध्ये ती कंपनीची माणूस नव्हती, डोक्यावर पदर घेऊन खांबाशी उभी राहिलेली सून होती. आमच्याकडे सून चार माणसांत सासऱ्याला 'नाही' म्हणत नाही. 'माहीत नाही' तर त्याहून म्हणत नाही, ते टाळल्यासारखं दिसतं. मीही माझ्या सासरी तशीच वागले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "चालेल, आबा."

आबांनी पुढे कोणालाच काही विचारलं नाही. घरचं माणूस सांगतंय, मग आणखी काय बघायचं, असं म्हणून त्यांनी काम तिच्या कंपनीला दिलं आणि बैठक उठवली.

उन्हाळ्यातली ती सकाळ मला चांगली आठवते. मी गवार निवडत होते, आत्या समोर केस विंचरत होती. फोन वाजला. अंथुर्ण्याच्या केंद्रावर इंटरनेटची रेंज गेली होती, रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक गोल फिरत होता आणि पुढची चिठ्ठी निघत नव्हती. रांग बाहेर चिंचेपर्यंत गेली होती. वहीत लिहून घेऊ का, असं ते विचारत होते. आत्याने कंपनीत फोन लावला, तिथे त्या वेळेला कोण असणार? मग शिकवलेलं एक वाक्य तिला आठवलं: हाताने लिहून घेऊ देऊ नका, नोंदी दोनदा होतात. तिने परत फोन केला आणि सांगितलं, "थांबा, होईल सुरू."

ते थांबले. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर थांबले नसते. पिकअपला पुढची गावं घ्यायची होती, ती वाट बघून निघून गेली. ऊन चढलं आणि रांगेतलं दूध किटल्यांमध्येच नासलं.

आत्या दुपारच्या एसटीने अंथुर्ण्याला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. नासलेल्या दुधाचा जाऊबाईंनी कलाकंद केला होता आणि आठवणीने तिचा वाटा दिला होता. तिने तो डबा फ्रिजमध्ये ठेवला. आम्ही दोघींनीही तो उघडला नाही. शेवटी मी एके दिवशी तो कामवाल्या बाईंना दिला.

तिला कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. आबांनी म्हणे सगळ्यांना दटावलं होतं, "आपलीच सून हाय. आपल्या माणसाला काय बोलायचं?" कॉम्प्युटरवर त्यांनी जुनं धोतर टाकून ठेवलं आणि वही पुन्हा काढली. चहा दिला, विहीणबाई कशा आहेत म्हणून माझी चौकशी केली. मी तिला म्हटलं, चांगली माणसं आहेत. तिने फ्रिजचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आई. कंपनीचा माणूस असता तर त्याला उभा-आडवा जाब विचारला असता. मला काही विचारलंच नाही. मी काही सांगू शकते, असं आता तिथे कोणाला वाटतच नाही."

नोकरी जाईल, ही भीती तिला नव्हती. कंपनीने तर असं होतंच म्हणून सोडून दिलं. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या शेडमध्ये आपल्या बोलण्याला पुन्हा वजन यावं. आणि आपण काय विकतो तेच आपल्याला कळत नसताना ते येणार नाही, हे तिचं तिलाच उमगलं होतं.

मालकांना तिने सांगितलं की मला आतलं काम शिकायचं आहे. ते हसले, तुला या वयात प्रोग्रॅम लिहायचेत का, म्हणाले. लिहायचे नाहीत, समजून घ्यायचे आहेत, असं तिने सांगितलं. कंपनीत इंदापूरहून रोज येणारी एक प्रोग्रॅमर मुलगी होती, कानात सदा इयरफोन. जेवणाच्या सुट्टीत आत्या डबा घेऊन तिच्या टेबलाशी जाऊन बसू लागली. मुलीला आधी ते संकटच वाटलं. "ताई, तुम्हाला कशाला पाहिजे हे? तुमचं टार्गेट होतंय ना?" मग हळूहळू एक इयरफोन निघाला, नंतर दुसराही.

प्रोग्रॅमची आतली माहितीपत्रकं इंग्रजीत. संध्याकाळी ती घरी आणायची आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर बसायचो. शब्द मला कळत, वाक्याचा अर्थही लावता येई, पण ते सगळं मिळून कशाबद्दल चाललं आहे हे मात्र दोघींनाही कळत नसे. मी सवयीने शब्द अधोरेखित करून ठेवायचे, ती दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारून यायची. असं बरेच महिने चाललं.

एका संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं. ओट्यावर वाटी ठेवली, हा काटा. शेजारी पातेलं, हा केंद्रातला कॉम्प्युटर. देवघरात घागर, ते कंपनीचं लांबचं मोठं मशीन. मला म्हणाली, वाटीतलं पाणी पातेल्यात ओत आणि तिथून घागरीत नेऊन टाक. मी तसं केलं. मग तिने देवघराचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, रेंज गेली. आता?

मी म्हटलं, पातेल्यात राहू दे, दार उघडल्यावर नेईन.

"कोणीही तेच करेल," ती म्हणाली. "आमचा प्रोग्रॅम तसं करत नव्हता. घागरीने 'मिळालं' म्हटल्याशिवाय तो पुढची वाटी घेतच नव्हता." ती दाराला टेकून उभी राहिली. "आणि मी म्हटलं, चालेल."

मग ती त्या मुलीला सकाळी कळंबजवळच्या एका संकलन केंद्रावर घेऊन गेली. मुलगी शेतकऱ्याच्याच घरातली, पण प्रोग्रॅम लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एसी खोलीत बसून वाट बघणारा माणूस होता, किटली धरून उन्हात उभी असलेली बाई नव्हती. पुढे दोघींनी मालकांच्या मागे लागून ते काम बदलून घेतलं. आता नोंद केंद्रातच राहते, चिठ्ठी निघते आणि रेंज आली की नोंद पुढे जाते.

नव्या हंगामात आबांच्या कमिटीने पुन्हा कॉम्प्युटर सुरू करायचं ठरवलं. आत्याने आपणहून निरोप धाडला आणि आबांनी, घरचीच म्हणून, तिलाही बोलावलं. आबांच्या नातवाच्या जावळाचा दिवस होता, त्यामुळे मीही गेले होते. विहीणबाई म्हणून मला दाराच्या आत खुर्ची दिली होती. तिथून शेड दिसत होतं. दुसऱ्या एका कंपनीचा तरुण एजंट येऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. जे विचाराल ते होईल म्हणत होता.

आत्या खांबाशी, डोक्यावर पदर. तिने चिठ्ठी कशी निघेल ते सांगितलं. आबा ऐकत होते, पण जावळाला आलेल्या पोराचे बोबडे बोल ऐकावेत तसं. मग कमिटीतल्या एका तात्यांनी विचारलं, की पोरं पुण्याला असतात, दूध घातल्याबरोबर त्यांच्या मोबाईलवर मेसेज जायला हवा, रेंज नसली तरी. एजंट लगेच म्हणाला, जाईल. आबा सुनेकडे वळले. "तुमचंबी जाईल न्हवं?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती.

"नाही, आबा," ती म्हणाली. "ते नाही होणार."

तिने सावकाश सांगितलं की चिठ्ठी निघेल, नोंद जपून राहील, पण मेसेज रेंज आल्यावरच जाईल. दाराला कुलूप असताना पलीकडे काही नेता येत नाही, आमच्याच काय, कोणाच्याही सॉफ्टवेअरला नाही.

तात्या मिशीत हसले. "आबा, सून न्हाय म्हणती की तुमाला." दोघे-तिघे हसले. आबा हसले नाहीत. "मंग मागल्या बारीला व्हय कशापाई म्हणलीस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली, आणि जेवणं उरकून घ्या म्हणाले. परतताना बसमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत होती. पुढे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, बस त्यांच्यामागून रखडत होती. काम दुसऱ्या कंपनीला गेल्याचं आठवड्याने कळलं. मेसेज लगेच जाणार होते ना. तिने मला ते भाजी फोडणीला टाकता टाकता सांगितलं. जेवली मात्र नाही.

त्यानंतर एका सकाळी फोन आला. आबा स्वतः. तिने स्पीकर लावला, तिचे हात कणकेचे होते. मागे किटल्यांचा आवाज येत होता.

"सूनबाई, ह्यो पोरगा मशीन जोडून बसलाय. समदं होईल म्हणतोय. ह्याला काय इचारायचं, त्ये तू सांग."

आत्या म्हणाली की मी दुसऱ्या कंपनीची आहे, मी बोलणं बरं दिसणार नाही. त्याचा दोष नाही, त्याच्या हातात पत्रकच दिलेलं असतं.

"कंपनीचं ऱ्हाऊ दे. तुला कळतंय म्हणून इचारतोय."

तिने हात धुतले. ओल्या हातानेच फोन जवळ घेतला. "त्याला काही विचारू नका, आबा. इंटरनेटची तार काढा आणि एक चिठ्ठी काढून दाखव म्हणा."

पलीकडे खुर्ची सरकली. कोणीतरी तार कुठली ते विचारलं. मग बराच वेळ नुसता गलका, चिठ्ठी न्हाय निघत म्हणून. त्यातून त्या तरुणाचा आवाज आला, मऊ, खात्रीचा: "थांबा, होईल सुरू."

आत्याने ओट्याची कड धरली. डोळे मिटलेले होते. मला वाटलं ती फोन ठेवेल.

"आबा," ती म्हणाली, "थांबू नका. वही काढा आणि हाताने लिहून घ्या. आत्ताच."

"बरं," आबा म्हणाले, आणि फोन चालू ठेवूनच ओरडले की वही आणा रं. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, दूध कॅनमध्ये पडत होतं. शेवटी पिकअपचा हॉर्न वाजला आणि गाडी भरून कळंबकडे निघाली.