पहिल्या रांगेतली दाद

तालुक्याच्या कविसंमेलनात पहिल्या रांगेत खुर्च्या नसतात, सोफा असतो. त्यावर यंदाही आमदार बसले होते. माझा जुना मित्र दिनकर आपली गाजलेली कविता म्हणत होता. ‘खाली उतरा, तुमच्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे आमच्या पाठी आहेत.’ मी आमदारांच्या हाताकडे पाहत होतो. त्यांची बोटं सोफ्यावर ठेका धरत होती.

“वा. पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या,” ते म्हणाले.

दिनकरनं ओळ पुन्हा म्हटली, मघापेक्षा जरा गोड.

तरुणपणी आम्हा दोघांना वाटायचं, अशी एक ओळ गावात सुटली की वणवा पेटेल. कसला वणवा. लोक टाळ्या वाजवतात, मन हलकं करतात आणि जेवायला घरी जातात. शिट्टीनं कधी कुकर फुटलाय? उलट ती होते म्हणूनच तो फुटत नाही. माणसांच्या पोटात साठत आलेला राग आम्हीच वर्षानुवर्षं असा वाफेसारखा घालवत आलो, आणि त्यालाच क्रांतीची भाषा म्हणत राहिलो.

शेवटी आमदारांनी मंचावर जाऊन दिनकरला शाल पांघरवली. उतरायला लागले तशा मंचाच्या लाकडी पायऱ्या हलल्या. दिनकर घाईनं पुढे झाला.

“सावकाश, साहेब,” तो म्हणाला आणि त्यानं आपला खांदा पुढे केला.

त्या खांद्यावर हात ठेवून साहेब खाली उतरले. उतरताना तीच ओळ गुणगुणत होते.