भोंगा मास्तरांचा श्वास

आमच्या बाबांना सगळे 'भोंगा मास्तर' म्हणायचे. बाबा गाडी चालवायला शिकवतात. त्यांची शिकाऊ गाडी गोल चौकात पोहोचायच्या आधी त्यांचा आवाज पोहोचायचा. "क्लच! क्लच म्हणतोय मी! पाय आहे की ओंडका?" चौकातला बेकरीवाला नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज कुणीतरी नवीन बसलंय.

शिकवणं मात्र चोख. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा नापास होत नसे. फक्त पुढे बाबा समोरून येताना दिसले की तो रस्ता बदलत असे. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक वेगळा ब्रेक असतो. बाबांचा पाय कायम त्याच्यावर. गॅरेजवाला हसून म्हणायचा, "मास्तर, ब्रेक असे झिजवायला खास हात लागतो. म्हणजे, पाय."

लग्न झाल्या झाल्या आईही त्यांच्याकडे गाडी शिकायला बसली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं भर रस्त्यात गाडी कडेला घेतली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि चालत घरी आली. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. गाडी शिकवणाऱ्याची बायको पुढची सगळी वर्षं बसनं फिरली.

मग एका सकाळी शिकवता शिकवता बाबांना गरगरलं. रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "गोळी देतो, पण तुमचं ओरडणं काही माझ्या गोळीनं थांबायचं नाही. योगाच्या वर्गाला जा."

"मी काय आता हातपाय वाकडे करत बसू?" बाबा घरी येऊन गरजले.

"सरळ तरी कुठे आहेत? जाऊन तर बघा," आई म्हणाली.

एकटे जाईनात, म्हणून मी बरोबर गेले. पोस्टाच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की ऐकायचं तर आपल्यालाच गप्प बसावं लागे. पहिल्या दिवशी बाबांचे हात गुडघ्यांच्या खाली गेले नाहीत, टाचा उचलल्यावर ते शेजारच्या खुर्चीवर कोसळता कोसळता वाचले आणि शवासनात असे घोरले की अर्धा वर्ग उठून बसला. "हे आपलं काम नाही," जिना उतरताना त्यांनी जाहीर केलं. पण त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तेच बूट घालून दारात उभे.

बाई काही आठवडे नुसतं पाहत होत्या. मग एकदा बाबांच्या चटईपाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक आसनाआधी श्वास कोंडून धरता. ओरडायच्या आधी माणूस धरतो ना, अगदी तसा."

वर्ग हसला. बाबांचे कान लाल झाले. मला वाटलं, वाजला आता भोंगा! पण त्यांनी खाली बघून चटईचं टोक सरळ केलं.

चार-पाच दिवसांनी जेवताना त्यांनी मध्येच घास खाली ठेवला. "बाई बरोबर सांगत होत्या. शिकणाऱ्यानं क्लचवरचा पाय उचलला की माझा श्वास अडकतो. मग तो बाहेर पडताना ओरडणं घेऊनच पडतो." अनेक वर्षं न सापडलेला इंजिनातला बिघाड एकदम हाती लागावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "आता आधीच सोडून बघतो."

हे काही एका रात्रीत जमलं नाही. सुरुवातीला त्यांचा सोडलेला श्वास पंक्चर झालेल्या टायरसारखा वाजायचा आणि शिकणारे जास्तच घाबरायचे. "सर, काही चुकलं का?" एका मुलीनं विचारलं. "नाही. मी श्वास सोडतोय. तू समोर बघ." मधूनच जुना आवाज उसळायचाच. एकदा मात्र चौकात एका शिकाऊवर ओरडून झाल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि त्याची माफी मागितली. बेकरीवाल्यानं ही बातमी आमच्याकडे धावत आणली. आम्हाला खरीच वाटेना.

रोज सकाळी टीपॉय सरकवून पुढच्या खोलीत त्यांची चटई पडू लागली. गॅरेजवाल्यानं विचारलं, "मास्तर, गाडी विकलीत की काय? ब्रेक घेऊन येतच नाही हल्ली."

आणि एका रविवारी आईनं चहा देता देता विचारलं, "अहो, मला शिकवाल?"

बाबांनी कप तसाच खाली ठेवला. "मी ओरडलो तर?"

"तर परत चालत येईन. रस्ता पाठ आहे मला."

मी जीव मुठीत धरून मागच्या सीटवर बसले. पाण्याच्या टाकीच्या चढावर नको तेच झालं. गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. पाठीमागून ट्रकनं हॉर्नचा सपाटा लावला. बाबांनी एकदाच घट्ट ब्रेक दाबला. मी त्यांच्या मानेकडे पाहत राहिले. रागाच्या वेळी तिथली शीर टरारून फुगायची. त्यांनी सावकाश, लांब श्वास सोडला.

"गाडी बंद पडली, एवढंच. मागचा वाजवेना का! त्याच्याकडे हॉर्न आहे, आपल्याकडे वेळ आहे. हँडब्रेक ओढ. हं, आता किल्ली."

गाडी सुरू झाली, पुन्हा बंद पडली.

"परत," बाबा तेवढ्याच आवाजात म्हणाले.

पुढच्या खेपेला गाडी चढ चढली. वर पोहोचताच आईनं ती स्वतःहून कडेला घेतली. पण तिनं किल्ली काढली नाही. हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले.

"इतकी वर्षं हा आवाज कुठे ठेवला होता हो?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आहे म्हणून मलाच कुठे माहीत होतं?"

पहिल्या परीक्षेत आई गाडी मागे घेताना चुकली. दुसऱ्यांदा मात्र पास झाली. बाबांनी वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "आमच्या हिला लायसन मिळालं!" पुढे आईच्या ओळखीच्या कितीतरी बायका आल्या. गाडी शिकायची इच्छा कधीपासूनची, भीती मास्तरांची. त्यांच्यातली प्रत्येक जण आज गाडी चालवते.

परवा आई एकटीच गाडी घेऊन दुसऱ्या गावी मावशीकडे गेली. शेजारच्या काकांनी फाटकातून विचारलं, "एकटीला पाठवलंत? काळजी नाही वाटत?"

"पाठवायला मी कोण? ती गेली," बाबा म्हणाले. "आणि काळजी कसली? छान चालवते ती."

साठीला टेकलेल्या माणसानं स्वतःला असं नव्यानं घडवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही माझ्या बाबांची गोष्ट. सांगताना माझी मान ताठ होते.